पिल्लू येणार होतं, आलंच नाही

प्रश्न : लातूरहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या आणि त्यांचे मिस्टर दोघंही नोकरीला, मुलगा नऊ वर्षांचा, घर भाड्याचं, तिसरा मजला. मुलाच्या फार दिवसांच्या हट्टानंतर कुत्रं आणायचं ठरलं. नांदेडच्या एका मुलीनं रस्त्यावरून उचलून घरी सांभाळलेलं दोन महिन्यांचं गावठी पिल्लू पसंत केलं, फॉर्म भरला, व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं, घरमालकाला विचारलं, वाटी-पट्टा आणला. मुलानं कूलरच्या खोक्याचं घर केलं आणि नाव ठेवलं, बुंदी. आणायला जायच्या तीन दिवस आधी त्या मुलीचा मेसेज आला, की तुमचं घर दहा ते पाच बंद असतं, एवढं लहान पिल्लू एकटं राहणार नाही, त्यामुळं मी तिला आमच्याच गल्लीतल्या एका रिटायर जोडप्याला दिलंय, सॉरी. तेव्हापासून मुलगा नीट जेवत नाही आणि विचारतो, "आपण वाईट आहोत का?" मिस्टरांनी लगेच ऑनलाइन एक लॅब्रॅडोर शोधलाय, पस्तीस दिवसांचा, रविवारपर्यंत ॲडव्हान्स पाठवायचाय. सासूबाई म्हणतात देवानंच टाळलं. दीर म्हणतात गावाकडं शेतातल्या आखाड्यावर पाळू. आणि जाऊबाई म्हणाल्या, "सोयरीक मोडल्यावाणी तोंड करून काय बसलीस." ताई विचारतात, न आलेल्या कुत्र्यासाठी एवढं वाईट वाटून घेणं बरोबर आहे का, आणि आता काय करू?

उत्तर :

ताई, हो, बरोबर आहे. आधी हे सांगते कारण पत्रात तुम्ही तीन ठिकाणी "मला माहितीय हे लहान गोष्ट आहे" असं लिहिलंय आणि ते मला पटलेलं नाही. तुम्ही त्या पिल्लाला हातात घेतलं नाही हे खरं, पण घरात किती दिवस दुसरा विषयच नव्हता. सकाळी फिरवायला कोण नेणार, रात्री भुंकलं तर खालचे काय म्हणतील, दूध-भाकर चालती का नाही, सुट्ट्यांत गावाला जाताना तिला कसं न्यायचं, हे सगळं बोलून झालं होतं, म्हणजे तुमच्या रोजच्या दिवसात तिची जागा झालेली होती. ती जागा आता रिकामी दिसणारच. लोक म्हणतात "दुसरं मिळंल". मिळंल की, त्यात खोटं काहीच नाही. पण तुम्ही दुसऱ्यासाठी रडत नाही आहात, बुंदीसाठी रडायलात.

जाऊबाईंचं बोलणं टोचलं असेल, पण सोयरीक मोडल्यावाणी म्हणाल्या त्यात मला तथ्य वाटलं. सोयरीक मोडल्यावर माणसाला दोन गोष्टींचा त्रास होतो, एक म्हणजे ठरलेलं झालं नाही, आणि दुसरं म्हणजे त्यांनी आपलं घर पाहिलं, आपल्याला पाहिलं आणि मग नको म्हणाले. तुमच्या पत्रातला राग आणि लाज ही या दुसऱ्या गोष्टीची आहे असं मला वाटतं. मुलगा तर ते सरळ शब्दांत विचारायलाय, आपण वाईट आहोत का. मोठी माणसं हाच प्रश्न आत ठेवतात आणि वर म्हणतात, "तिला काय अधिकार?"

तर त्या मुलीबद्दल बोलू. तिनं एक गोष्ट चुकीची केली आणि ती मी झाकणार नाही. घर दहा ते पाच बंद असतं हे तुम्ही फॉर्मवर लिहिलं होतं. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहिती होतं. नकार द्यायचा होता तर तेव्हाच द्यायचा, एका लेकरानं नाव ठेवल्यावर आणि खोक्याचं घर केल्यावर नाही, आणि मेसेजवर तर नाहीच, फोन करायला पाहिजे होता. याचा राग तुम्हाला आला तर तो रास्त आहे. पण निर्णय? ताई, निर्णय चुकीचा नव्हता. तुम्ही लिहिलंय "आमचं पिल्लू तिनं दुसऱ्याला दिलं". ते अजून तुमचं झालेलं नव्हतं. जोवर पिल्लू तिच्या घरी आहे तोवर त्याचं बरंवाईट बघणं तिच्याच अंगावर आहे, आणि आपल्याकडं ही पोरं हे काम स्वतःच्या खिशातून करतात. मराठवाड्यात मोठे शेल्टर फार नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुप असतात आणि घरच्यांची बोलणी खाऊन गच्चीवर चार पिल्लं सांभाळणारी काही मुलंमुली असतात, तेवढंच. दिलेलं कुत्रं महिन्या-दोन महिन्यांनी "जमत नाही हो" म्हणून परत आलं की तेच त्याला परत ठेवून घेतात, त्यामुळं ते घाबरून असतात आणि कधी कधी शेवटच्या क्षणी कच खातात.

आता दोन महिन्यांच्या पिल्लाचा दिवस कसा असतो ते बघा. त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. लघवी दोन-तीन तासांच्या वर धरता येत नाही. आईपासून आणि भावंडांपासून नुकतंच तुटलेलं असतं, एकटं पडलं की ओरडतं, दार कुरतडतं, चप्पल-वायर जे मिळंल ते चावतं. त्यात तिसरा मजला, वर गच्ची तापलेली असंल तर लातूरचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगू. सात तास बंद घरात हे पिल्लू राहिलं असतं तर पंधरा दिवसांत शेजाऱ्यांची तक्रार, मग घरमालक, मग तुमच्यात आणि मिस्टरांत भांडण. तुम्ही चांगली माणसं आहात म्हणून हे टळलं नसतं.

माझं सगळं म्हणणं इथं आहे. नकार बुंदीसोबत गेला. कारण मात्र तुमच्याच घरी राहिलंय. घर दहा ते पाच बंद असतं हे पुढच्या कुत्र्यालाही तेवढंच लागू आहे, ते फुकट आणा नाहीतर वीस हजाराला आणा. विकणारा माणूस तुम्हाला घर किती वाजता बंद असतं ते विचारणार नाही एवढाच फरक आहे, आणि मिस्टरांना ते सोपं वाटायलंय ते त्यामुळंच. त्यांच्यावर चिडू नका, त्यांना मुलाचं तोंड बघवत नाही आणि काहीतरी करून दाखवायचंय, हे बापाचं प्रेमच आहे. पण ती जाहिरात नका घेऊ.

पस्तीस दिवसांचं पिल्लू म्हणजे पाच आठवडे. आपल्याकडं केंद्र सरकारचे २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. म्हणजे तो माणूस जाहिरातीतच नियम मोडल्याचं सांगायलाय. नियम बाजूला ठेवा, पाच आठवड्यांचं पिल्लू अजून आईजवळ पाहिजे असतं, चावलं तर किती लागतं हे ते भावंडांसोबत खेळतानाच शिकतं, ते राहिलं की मग आपल्या लेकराच्या हाताला दात लागतात. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांवरची पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत असते, तिच्या आधीच प्रवास करून आलेलं पिल्लू पार्वोनं हगवण-उलटी लागून चार दिवसांत जाऊ शकतं. तुमचा मुलगा एक पिल्लू न आल्यानं जेवत नाही, आलेलं पिल्लू डोळ्यासमोर गेलं तर काय होईल याचा विचार करा. शिवाय ॲडव्हान्सचं म्हणाल तर, पिल्लू न दाखवता आधी पैसे मागणं, मग गाडीभाडं, मग पिंजऱ्याचे पैसे, ही फसवणुकीची नेहमीची पद्धत आहे. प्रत्यक्ष पिल्लू आणि त्याची आई बघितल्याशिवाय एक रुपया कुणाला द्यायचा नाही, हे सगळ्याच वाचकांना सांगते. आणि लॅब्रॅडोरच्या अंगावर दुहेरी केस असतात, ते थंड मुलखातलं जनावर आहे, आपल्या उन्हाळ्यात त्याला बंद घरात ठेवायचं तर कूलर चालू ठेवून जावं लागंल आणि लाइट गेली की तो पण बंद. गावठी कुत्री आपल्या उन्हाला सरावलेली असतात, तरी त्यांना पण सावली आणि पाणी लागतंच.

आपल्या भागात अजून एक मोह असतो, कारवान नाहीतर पश्मी जातीचं कुत्रं. लातूर-नांदेडकडं ही कुत्री शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलीत, माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शनात बघितली की कुणाचंही मन जातं, एवढी देखणी. पण ती शिकारीची, पळायची कुत्री आहेत, त्यांना रान पाहिजे. तिसऱ्या मजल्यावर आणून त्यांचे हाल करू नका.

दिरांचा आखाड्याचा पर्याय मला वाईट वाटला नाही, फक्त तो जे आहे ते म्हणून बघा. आखाड्यावर सालगड्याचं कुटुंब राहत असंल, रोज भाकर-पाणी होणार असंल आणि लसी वेळेवर टोचून घेणार असाल तर कुत्रं तिथं मजेत राहील. पण ते कुत्रं त्या सालगड्याचं होईल, तुमच्या मुलाचं नाही. रविवारी गेल्यावर शेपूट हलवंल, खेळंल, आणि संध्याकाळी तुम्ही निघालात की त्याच्या माणसाकडं जाईल. मुलाला हे आधी सांगा आणि त्याला विचारा चालंल का. काही मुलांना तेवढंही पुरतं. तुमच्या मुलानं खोकं त्याच्या पलंगाशेजारी ठेवलं होतं असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळं त्याला ते पुरंल असं मला वाटत नाही, पण मी त्याला ओळखत नाही, तुम्ही ओळखता.

सासूबाईंशी वाद घालू नका. "देवानंच टाळलं" म्हणताना त्यांना घरात केस, लघवी, देवघराचा विटाळ याची काळजी वाटत असणार, ती काळजी खरी आहे आणि तिच्यावर बोलता येतं. देवघर नाहीतर स्वयंपाकघर यापैकी कुठं कुत्र्यानं यायचं नाही ते आधीच ठरवा, त्यांच्यासमोर ठरवा. आपल्याकडं खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे, दत्तासोबत चार आहेत, सासूबाईंना कुत्र्याचं वावडं असंल असं नाही, त्यांना घरातल्या कुत्र्याचं नवल वाटतंय एवढंच. पण तुम्ही स्वतः मनात "हा संकेत तर नसंल" असं धरून बसलात, ते सोडा. एका मुलीनं एक रास्त निर्णय उशिरा कळवला, याच्यापलीकडं त्यात काही नाही.

मुलाचं. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मिस्टर म्हणतात त्याला सांगू पिल्लू आजारी पडलं म्हणून. ते करू नका. एक तर ती मुलगी बुंदीचे फोटो टाकणार आणि ते कधीतरी तुमच्या मोबाइलवर त्याला दिसणार. दुसरं म्हणजे आजारी पडलं म्हटल्यावर तो रोज विचारंल बरं झालं का, आणि तुम्हाला खोटं वाढवत न्यावं लागंल. नऊ वर्षांच्या मुलाला खरं कळतं. त्याला म्हणा, बुंदी फार लहान आहे, तिला दिवसभर कुणीतरी जवळ लागतं, आपल्या घरी दुपारी कुणी नसतं, म्हणून ताईनं तिला जिथं दिवसभर माणसं असतात तिथं दिलं. आपण वाईट नाही, आपल्या घराचं टाइमटेबल तिला बसत नव्हतं. आणि मग म्हणा, मला पण रडू आलं. हे शेवटचं वाक्य गाळू नका, त्याला आत्ता घरात आपण एकटेच रडायलोय असं वाटत असंल. त्यानं त्या ताईला चार ओळी लिहिल्या, बुंदी कशी आहे विचारलं, तर लिहू द्या. उलट उत्तर आलं नाही तर मात्र परत परत पाठवू नका. नावाचं विचारलंत, की तो म्हणतो बुंदी हे नाव दुसऱ्या कुत्र्याला द्यायचं नाही. नका देऊ. त्याचं ऐका. पुढचं कुत्रं आपलं नाव घेऊन येऊ द्या.

आता पुढचं. मला विचाराल तर तुमच्यासारख्या घराला पिल्लू नाही, मोठं कुत्रं बघा, दोन-तीन वर्षांचं. सगळ्यांना पिल्लूच पाहिजे असतं म्हणून मोठी कुत्री सांभाळणाऱ्यांकडं पडून राहतात, आणि खरं तर नोकरीवाल्या घरात तीच बसतात. त्याचा स्वभाव कळलेला असतो, मुलांसोबत कसं आहे, एकटं राहतं का, मांजरीच्या मागं लागतं का, हे सगळं आधी विचारता येतं. दिवसातून तीन-चार वेळा फिरवलं तर घरात घाण करत नाही, दुपारचे तास झोपून काढतं. लसी, नसबंदी पुष्कळदा झालेली असते. आणि मोठं कुत्रं लळा लावत नाही हे खरं नाही, पहिला महिना जरा लांब राहतं, मग चिकटतं. तरी सात तास सलग बंद घर हे त्यालाही जास्तच आहे, म्हणून दुपारी एकदा कुणीतरी येऊन जायची सोय लावाच. खालच्या मजल्यावरच्या काकू घरी असतात म्हणता, त्यांना विचारा, अर्धा तास पुरतो. मुलगा एकटा त्याला खाली नेणार असंल तर कुत्रं त्याला ओढून नेणार नाही एवढ्याच अंगाचं बघा.

पिल्लूच पाहिजे असंल तर वेळ धरून आणा. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या साधारण दोन महिन्यांनी, कार्तिकाच्या आसपास वितात, म्हणजे हिवाळ्यात पिल्लं भरपूर असतात, घाई करायचं कारणच नाही. ज्या सुट्टीत तुमच्यापैकी एक जण सलग घरी राहू शकतो त्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी आणा, सुट्टी संपायला दोन दिवस राहिल्यावर नाही.

दोन्हीपैकी काहीही करा, फॉर्म भरताना अडचणीची गोष्ट सगळ्यात आधी स्वतःच बोला. "आमचं घर दहा ते पाच बंद असतं, दुपारी खालच्या काकू येतात, तुम्हाला हे चालतं का? चालत नसंल तर आत्ताच सांगा, घरात लहान मुलगा आहे." एवढं एक वाक्य. आणि मुलाला फोटो दाखवणं, नाव ठेवणं हे समोरच्यानं पक्कं हो म्हटल्यावर, शक्यतो एकदा जाऊन भेटून आल्यावरच. घरमालकानं तोंडी हो म्हटलंय, ते करारात लिहून घ्या, निदान मेसेजवर तरी. ज्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे त्यांच्यासाठी सांगते, भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही. भाडेकरूचं मात्र घरमालकाशी काय ठरलंय त्यावर असतं.

काही वाचकांचं पिल्लू येण्याआधीच पार्वोनं जातं, नाहीतर आल्यावर दोन दिवसांत जातं. त्यांच्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. पार्वोचा विषाणू घरात, अंगणातल्या मातीत कित्येक महिने राहतो. साध्या फिनाइलवर विसंबू नका, फरशी आणि भांडी ब्लीचच्या पाण्यानं धुवावी लागतात, पिल्लाचं अंथरूण टाकून द्यावं लागतं. आणि दुसरं पिल्लू पूर्ण लसीकरण झाल्याशिवाय त्या घरात आणायचं नाही. दुःखात लोक आठवड्याभरात दुसरं आणतात आणि ते पण जातं, हे फार वाईट आहे.

अजून एक, मुलगा सध्या गल्लीतल्या पिल्लांकडं जास्त जाईल. जाऊ द्या, पण तुमच्यासोबत. विलेली कुत्री पिल्लाजवळ आलेल्या माणसाला चावू शकते. दात लागला, नुसता ओरखडा आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करायचं, डॉक्टरांनी दिलेल्या तारखांपैकी एकही चुकवायची नाही. हळद, चुना, तिखट असलं काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून हे जरा रागावूनच सांगायलेय. तुमच्याकडं कुत्रं आलं की त्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी परत. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारा, आणि काही अवघड झालं तर तुमच्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे, हे लातूर-नांदेड-हिंगोलीकडच्या पुष्कळ जणांना माहितीच नसतं, ते पुण्याला जायचं बघतात.

त्या नांदेडच्या मुलीला एक मेसेज करा असं मी सुचवीन, राग जरा उतरल्यावर. तिनं उशिरा सांगितल्यानं मुलाला किती त्रास झाला ते स्पष्ट लिहा, ते तिला कळलं पाहिजे म्हणजे पुढच्या घरी ती आधी सांगंल. आणि त्याच मेसेजमध्ये विचारा की दिवसातले काही तास एकटं राहू शकणारं मोठं, शांत कुत्रं तुमच्या माहितीत आहे का. तुमचं घर तिनं पाहिलेलं आहे, तुमचा मुलगा पाहिलेला आहे, तिच्याइतकी नेमकी जोडी दुसरं कुणी लावून देईल असं मला वाटत नाही. पिल्लाचं खाणं आणलं असंल तर त्याची तारीख बघून तिच्याकडंच पाठवून द्या, तिला कामाला येईल. वाटी आणि पट्टा राहू द्या.

आणि रविवारच्या आत मिस्टरांशी बोला. त्यांना ही जाहिरात परत एकदा दोघांनी मिळून वाचू म्हणा, आणि पस्तीस दिवस या आकड्यावर बोट ठेवा.